पणजोबांचा कागद सापडेना? शोध कुठून सुरू करायचा, कुठे अडतो आणि कसा सुटतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर गर्दी वाढते. पोरीचा इंजिनिअरिंगला नाहीतर नर्सिंगला नंबर लागलेला असतो आणि जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा पुरावा मागितलेला असतो. वडील तिथूनच घरी फोन लावतात, "आपल्या पणजोबांचं नाव काय होतं?" पलीकडून उत्तर येतं, "सगळे त्यांना तात्याच म्हणायचे." मग शोध सुरू होतो, आणि हातात असतात पंधरा दिवस.

वारस नोंदीच्या वेळी तीच गत. सातबारा अजून आजोबांच्या नाहीतर पणजोबांच्या नावावर, त्यांना भाऊ किती, बहिणी किती, कोणती बहीण कुठे दिली, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. पीक कर्ज अडतं, विहिरीचं अनुदान अडतं, भावकीत बोलाचाली होतात.

बऱ्याच लोकांचा समज असा की पूर्वीच्या लोकांच्या नोंदीच नव्हत्या. हे खरं नाही. आपल्याकडे जमीन, शाळा, जन्म-मृत्यू, पोलीस, तुरुंग, खरेदीखत या सगळ्याची नोंद ठेवायची पद्धत जुनी आहे. पणजोबा सापडत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, की आपण आज ज्या नावाने, ज्या गावात, ज्या लिपीत आणि ज्या कचेरीत त्यांना शोधतो, त्यातली निदान एक गोष्ट त्या काळी वेगळी होती. ती कोणती हे ओळखलं की निम्मं काम होतं.

आधी घर, मग कचेरी

कचेरीत जायच्या आधी घरातल्या आणि भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, पण त्यांना सांगून. नुसतं "वंशावळ सांगा" म्हटलं तर कोणालाच काही आठवत नाही. उलट विचारा, तुमच्या लहानपणी घरात कोण-कोण होतं, कोणाच्या लग्नाला बैलगाडीने गेला होता, आत्याला कुठल्या गावी दिलं, वाटणी कोणत्या साली झाली, बाहत्तरच्या दुष्काळात घरातलं कोण खडी फोडायला गेलं होतं. असं विचारलं की नावं आपोआप बाहेर पडतात.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: सुतक कोणाकोणाला पडतं? चार पिढ्यांपूर्वी वेगळी झालेली, दुसऱ्या गावी राहायला गेलेली, आडनाव बदललेली भाऊबंदकी कागदावर जोडता येत नाही, पण सुतक पाळताना ती बरोबर जोडलेली असते. पलीकडच्या तालुक्यातल्या एखाद्या घराचं सुतक आपल्याला पडत असेल तर त्यांचे आणि आपले पूर्वज कुठेतरी एक आहेत. त्यांच्याकडे कागद असू शकतो, किंवा त्यांच्यातल्या एखाद्याची जात पडताळणी आधीच झालेली असू शकते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं वैधता प्रमाणपत्र हा पडताळणीत मोठाच आधार असतो.

पितृपक्षात पिंड देताना बाप, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. ती सांगणारा भटजी किंवा घरातला थोरला माणूस असेल तर नावं लिहून घ्या. माळ्यावरची पितळी भांडी उतरवा. लग्नात आहेर दिलेल्या घागरीवर, परातीवर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही कोरलेली असते. जुन्या लग्नपत्रिका, पोथीची कोरी पानं, बँकेची जुनी पासबुकं, सोसायटीच्या पावत्या, ट्रंकेतलं काहीही टाकून देऊ नका. समितीपुढे घागर चालत नाही, पण घागरीवरच्या नावावरून कागद कुठे शोधायचा ते कळतं.

हे सगळं एका वहीत लिहा. ऐकलेली गोष्ट एका शाईने आणि कागदावर पाहिलेली दुसऱ्या शाईने. दोन्ही एकत्र झालं की पुढे आपणच गोंधळतो.

नावाचा घोळ

सगळ्यात जास्त शोध इथेच अडतात. समजा, घरात सांगतात की पणजोबांचं नाव तुकाराम पांडुरंग शिंदे. रजिस्टरात 'तुकाराम शिंदे' शोधायला बसलं तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. कारण तिथे लिहिलेलं असतं 'तुका बिन पांडू'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'वलद' किंवा 'वल्द' म्हणजेही तेच. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, म्हणजे तेही नवऱ्याचंच. 'सा.' म्हणजे साकीन, राहणार. जमिनीच्या कागदावर 'अ.पा.क.' दिसलं तर ते अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक लहान होता आणि त्याच्या वतीने आई किंवा चुलता बघत होता. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नाव एकट्या थोरल्या भावाचं लागलेलं असतं, पण जमीन सगळ्या भावांची असते. आपले पणजोबा धाकटे असतील तर त्या उताऱ्यावर त्यांचं नाव मुळीच दिसणार नाही.

आडनाव तर जुन्या नोंदीत पुष्कळदा नसतंच. जे असतं तेही बदलतं. गावावरून 'कर' लागतं, वतनावरून पाटील, चौगुले, देशमुख लागतं, धंद्यावरून लागतं. दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या मुलांना शाळेत गुरुजींनी 'पाटील' लिहिलं आणि दुसऱ्याच्या मुलांना मूळ आडनाव, असं गावोगाव दिसतं. म्हणून आडनावावर फार विसंबू नका. बापाचं नाव, गाव आणि शेताचा नंबर या तीन गोष्टी जुळतात का ते बघा.

आणखी एक गंमत आहे. आजोबा वारले की नातवाला त्यांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे 'राघू बिन शिवा' हा माणूस एकाच घरात पन्नास वर्षांच्या अंतराने दोनदा सापडतो. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून त्याच नावाच्या पोराला ती आबा नाहीतर बाळा म्हणायची आणि शाळेतही तेच नाव लागायचं. दोन राघूंना एक समजलं तर वंशावळीतली एक नाही, दोन पिढ्या गळतात. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक नावासमोर अंदाजे जन्मसाल लिहा. बाप-लेकात पंधरापेक्षा कमी वर्षं येत असतील तर काहीतरी चुकलंय.

जन्म नोंदीत पोराचं नाव नसतं

गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरला गाव नमुना 14 म्हणतात, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. त्यात जन्माची तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढं असतं. मुलाचं नाव पुष्कळदा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची. लोक 'आजोबांचं नाव नाही' म्हणून रजिस्टर मिटवतात. वास्तविक पणजोबांच्या नावाने शोधायला हवं. त्यांच्या नावावर चार-पाच जन्म सापडतील. त्यातला आजोबांचा कोणता, हे शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ताडून बघायचं.

तिथेही एक खाच आहे. शाळेतली जन्मतारीख 1 जून असेल तर ती खरी धरू नका. गुरुजींनी पोराकडे बघून वय ठरवायचं आणि 1 जून टाकायचं, ही त्या काळची सर्रास पद्धत. साल एक-दोन वर्षं पुढे-मागे धरून बघावं. मृत्यूच्या नोंदीतलं वयही अंदाजाचंच असतं. साठ लिहिलं असेल तर पंचावन्न ते सत्तर काहीही समजा.

आजोबांची नोंद नसेल तर त्यांच्या भावांची, बहिणींची बघा. आजोबांच्या थोरल्या बहिणीचा जन्म त्याच बापाच्या नावावर लिहिलेला असेल आणि त्यापुढे जात असेल तर तो पणजोबांच्या जातीचाच पुरावा झाला. 'आपल्या माणसाची' नोंद मिळाली नाही म्हणून परत फिरणारे निम्मे लोक तरी त्याच रजिस्टरात चुलत आजोबा सोडून आलेले असतात.

सातबाऱ्यावरचे वर्तुळातले आकडे

ज्यांची जमीन आहे त्यांच्यासाठी सगळ्यात पक्का माग फेरफाराचा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात बारीक आकडे असतात. ते फेरफार नंबर. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशामुळे आली, ते त्या नंबरच्या नोंदीत असतं. वारसाचा फेरफार असेल तर त्यात 'अमुक मयत, वारस मुलगे इतके, मुली इतक्या, विधवा एक' असं नावानिशी लिहिलेलं असतं. चार ओळीत अख्खी पिढी. एका फेरफारावरून मागचा, त्यावरून त्याच्या मागचा असं जात राहायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली आला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेशात हा माग बराच मागे नेता येतो. वारसांची नोंदवही वेगळी असते, गाव नमुना 6-क. तीही मागायला विसरू नका.

अडचण येते ती गट नंबरची. एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा. पुढे ज्या-ज्या गावात ती योजना राबवली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन जुनं दप्तर उघडलं तर भलत्याच माणसाची जमीन समोर येते, आणि लोक समजतात की आपल्या पूर्वजांची जमीनच नव्हती. आधी जुना-नवा नंबर जुळवून देणारा एकत्रीकरणाचा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून, म्हणजे मोजणी ऑफिसातून घ्यावा, मग मागे जावं.

आजकाल जुने उतारे आणि फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर थोड्या फीत मिळतात. पण सगळ्या तालुक्यांचं सगळं दप्तर तिथे आहे असं नाही. मोबाईलवर नाही दिसलं म्हणजे कागदच नाही, असा अर्थ काढू नये. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करावाच. माहिती अधिकारातही मागता येतं, त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ज्यांना जमीनच नव्हती

'आमचे पूर्वज मजूर होते, आमचा कागद कुठून येणार?' हा प्रश्न रास्त आहे. जुनं दप्तर जमीनवाल्याचं गुण गातं. तरी दारं बंद नाहीत. दुसऱ्याची जमीन कसत असतील तर कुळ नोंदवहीत नाव असू शकतं. कुळ कायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कुळांच्या जमिनीची प्रकरणं चालली, त्यांच्या फायलींत जबाब आहेत. वतनदार, बलुतेदार असतील तर वतनाच्या कागदात चक्क वंशावळी मिळतात, कारण वतनाचा वाटा कोणाचा हे ठरवायला त्या लिहाव्याच लागायच्या. गावकामगार, महार वतन, गुरव, जोशी सगळ्यांचंच.

शाळेत एखादा वर्षभर जरी गेला असेल तरी जनरल रजिस्टरमध्ये नाव, जात, जन्मतारीख आहे. जिल्हा परिषदा 1962 ला आल्या, त्याआधीच्या शाळा लोकल बोर्ड, स्कूल बोर्डाच्या. आज गावात शाळा आहे म्हणून आजोबा तिथेच शिकले असं नाही. त्या काळी चार-पाच गावांत एक शाळा असायची. शेजारच्या मोठ्या गावची रजिस्टरं आधी बघा. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा गेले होते का ते विचारा.

कोणी सैन्यात असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, कोणी सरकारी चाकरीत असेल तर सेवापुस्तक. आणि ज्याची घरात लाज वाटते तेही कामाला येतं. जुनी पोलीस रजिस्टरं, अटकेचे पंचनामे, तुरुंगातली कैद्यांची रजिस्टरं यात माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात काळजीपूर्वक लिहिलेली असते. ताडी-माडीचा परवाना असेल तर उत्पादन शुल्क खात्याकडे नोंद असते. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध घेतला गेला, तेव्हा याच कारणाने महसुलाबरोबर तुरुंग, पोलीस, उत्पादन शुल्क, दुय्यम निबंधक, शाळा अशा सगळ्यांची दप्तरं काढायला लावली होती. त्यात सापडलेल्या नोंदींच्या याद्या बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर गाववार टाकल्या आहेत. आपल्या गावची यादी मोबाईलवर एकदा नजरेखालून घालायला काही खर्च येत नाही.

विमुक्त जमातींची गोष्ट वेगळी आणि कडू आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, हजेरीची सक्ती केली. तो कायदा 1952 ला गेला. ज्या रजिस्टरांनी त्यांच्या आजोबांना डांबलं, तीच आज नातवाच्या हक्काचा पुरावा होतात.

जनगणनेतली नावं मिळतील का, असंही काही जण विचारतात. नाही. जनगणनेची घरोघरची माहिती कायद्याने गोपनीय आहे. पण 1951 साली तयार झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर काही तहसील कचेऱ्यांत आहे, ते मागून बघावं.

गाव तेच, कचेरी दुसरी

लातूर जिल्हा 1982 ला उस्मानाबादेतून निघाला, जालना 1981 ला, हिंगोली 1999 ला परभणीतून, नंदुरबार आणि वाशिम 1998 ला, पालघर 2014 ला ठाण्यातून. गाव जागचं हललं नाही, पण दप्तर हललं, किंवा अर्धं हललं आणि अर्धं जुन्या जिल्ह्यालाच राहिलं. आज ज्या कचेरीत 'इथे नाही' म्हणतात, तिथे 'मग 1950 साली हे गाव कोणत्या तालुक्यात होतं?' हा पुढचा प्रश्न विचारायचा.

त्याच्याही मागे गेलं तर राजवटच वेगळी. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. तिथले जुने कागद उर्दूत, काही मोडीत. 1954-55 चं खासरा पत्रक हा मराठवाड्यातला ओळखीचा आधार. निजामी दप्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तिथल्या रजिस्टरांची नावं आणि धाटणी वेगळी. कोल्हापूर, सांगली, फलटण, औंध, जत ही संस्थानं होती, त्यांची दप्तरं त्यांच्या-त्यांच्या पद्धतीची. राज्याच्या पुराभिलेख खात्याची दप्तरं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.

धरणात गेलेल्या गावांचं आणखी अवघड. कोयनेतले लोक रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत विखुरले. नवीन वसाहतीत पुनर्वसनानंतरचाच कागद मिळणार, आधीचा मूळ तालुक्यात. पुनर्वसनाच्या खातेदार यादीत मूळ गाव लिहिलेलं असतं, तिथून दोरा पकडता येतो. मूळ गावाचं नाव लिहून ठेवलं की दीडशे वर्षांनीही वाट सापडते. कोकणातून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यात बापाचं नाव, गाव, जहाज लिहिलेलं आहे, आणि तिथले मराठी लोक त्यावरून इकडचं गाव शोधू शकतात. उलट शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्याचं मूळ गाव घरात कोणाला ठाऊक नसेल तर माग काढताना घाम फुटतो.

मोडी आणि सनाचं गणित

साधारण 1950 पर्यंत मराठीचा हातलिखाणाचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर मोडीत होता. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. शब्द सुटे करत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वर आद्याक्षरांत संक्षेप. म्हणून वाचणाऱ्याची चूक होऊ शकते. जातीच्या रकान्यात 'कु.' एवढंच असेल तर त्याच पानावर, त्याच लिहिणाऱ्याने दुसरीकडे पूर्ण शब्द कसा लिहिलाय ते दाखवायला सांगा. लिप्यंतर अधिकृत मोडी वाचकाकडूनच करून घ्या, घरगुती वाचन समितीपुढे टिकत नाही. गावातल्या एखाद्या पोराने मोडी शिकलीच तर पूर्ण गावाचं काम होईल, पुराभिलेख खातं त्याचे वर्ग घेतं.

साल बघताना घाई नको. शके असेल तर त्यात 78 मिळवा. शके 1845 म्हणजे 1923. फसली असेल तर 590 किंवा 591. फसली 1345 म्हणजे 1935-36. मराठवाड्यात फसली सन इसवी समजून 'हा कागद तर सहाशे वर्षं जुना निघाला' म्हणणारे भेटतात.

वही वाचणारे लोक

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात सुगी झाली की हेळवी दारात येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. खानदेश-विदर्भात काही समाजांचे भाट आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यानपिढ्या लिहिलेली आहेत, काही मोडीत, खाली सही नाहीतर अंगठा. आपल्या तालुक्याची वही कोणत्या घराकडे आहे ते विचारलं की सांगतात. आपलं नाव तिथे लिहून ठेवायलाही हरकत नाही. या वह्या नावं जुळवायला फार उपयोगी, पण जातीच्या दाव्याला एकट्या पुरत नाहीत. सरकारी कागदाची जोड लागते. दक्षिणा किती द्यायची ते आधी बोलून घ्यावं.

पणजी कुठे गेली?

बहुतेक घरच्या वंशावळीत फक्त पुरुष असतात. बाई लग्नात नाव बदलते, जमिनीवर लागत नाही, शाळेत गेलेली नसते. तरी ती पुसली गेलेली नाही. नवरा वारल्यावरच्या फेरफारात 'विधवा' म्हणून तिचं नाव आहे, मुलं लहान असतील तर अ.पा.क. म्हणून तीच आहे, मृत्यूच्या नोंदीत 'कोम' लावून आहे, माहेरच्या आहेराच्या घागरीवर आहे. तिचं माहेरचं गाव कळलं की भाऊ कळतात. पणजोबांच्या दोन बायका असतील तर कोणती मुलं कोणाची, हे तिच्याचमुळे उलगडतं. वारस नोंदीतले वाद बहुतेक इथलेच असतात. बहिणींची नावं मुद्दाम गाळून केलेली वंशावळ पुढे कोर्टात उभी राहत नाही, हेही भावांनी ध्यानात ठेवावं.

कोणता कागद कशाला

एक कागद एकच कडी जोडतो. शाळेचा दाखला तुम्हाला वडिलांशी जोडतो, जनरल रजिस्टर वडिलांना आजोबांशी, फेरफार आजोबांना पणजोबांशी. मधली कडी नसेल तर शंभर वर्षांचा जुना कागदही दुसऱ्याच माणसाचा ठरतो. पडताळणीत पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा लागतो तेही ठरलेलं आहे: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. स्वातंत्र्याच्या आधीच्या नोंदीला जास्त वजन, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2011 च्या एका निकालात म्हटलंय. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची, हे 2000 सालच्या जात प्रमाणपत्राच्या कायद्यातच आहे.

म्हणूनच काही जण चुकीच्या वाटेला जातात. रजिस्टरात वेगळ्या शाईने अक्षर वाढवणं, खाडाखोड करणं, दुसऱ्याच घराची नोंद आपली म्हणून दाखवणं. दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं, गावात येऊन चौकशी करतं. खोटं निघालं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 2 हजार ते 20 हजार दंड, किंवा दोन्ही. मिळालेली पदवी नाहीतर नोकरीही जाते. ती शिक्षा पोरीला बसते, खाडाखोड करणाऱ्या एजंटाला बहुतेक वेळा नाही. 'नोंद काढून देतो' म्हणून मोठी रक्कम मागणाऱ्याकडे मूळ कागद मुळीच देऊ नका.

नक्कल घेताना नुसत्या आपल्या ओळीची घेऊ नका. पूर्ण पान घ्या, आणि रजिस्टरचं पहिलं पान, ज्यावर गाव आणि साल आहे, तेही. सही-शिक्क्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, लॅमिनेशन न करता ठेवा आणि फोटो काढून घरातल्या तीन-चार जणांच्या फोनमध्ये टाका.

अकरावी-बारावी विज्ञानच्या मुलांना कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज आधीच करता येतो. ज्यांची पोरं यंदा अकरावीला आहेत त्यांनी निकालाची वाट न बघता, सुगी उरकली की रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज टाकावा. त्या दिवसांत तिथे गर्दी कमी असते, आणि रजिस्टर शोधून देणाऱ्या माणसालाही बोलायला वेळ असतो.